धरायचं का सोडायचं

मेजर माझ्या कार्यालयात आले की बसण्याआधी खुर्ची उचलत. टेबलाच्या पलीकडे, माझ्या डाव्या हाताला, येणाऱ्या माणसासाठी एक लाकडी खुर्ची असे. ती दोन्ही हातांनी उचलून, फरशीवर ओरखडा न उमटवता, ते माझ्या उजव्या हाताला, खिडकीपाशी नेऊन ठेवत आणि मगच बसत. अकरा वर्षं मी हे पाहिलं. का, असं एकदाही विचारलं नाही. आयकर सल्लागाराला खरं तर प्रश्न विचारण्याचेच पैसे मिळतात. त्या एका न विचारलेल्या प्रश्नातून माझ्या हातून चूक घडली. पुढे ती मला कळली, आणि कळल्यावर मी ती झाकली. मेजर गेले त्याला आता काही महिने झाले. ही गोष्ट मी त्यांच्या घराबाहेर कोणाला सांगितलेली नाही, आणि त्यांनाही फार उशिरा सांगितली.

मेजर हा त्यांचा हुद्दा नव्हता. ते नाईक या खालच्या हुद्द्यावरून घरी आले होते. पण सातारा-सांगलीकडच्या वाचकांना हे सांगायला नको, की आपल्याकडे लष्करातून आलेला प्रत्येक माणूस गावाला मेजरच असतो. त्यांचं गाव विट्याच्या पलीकडे, माळाच्या अंगाला. कऱ्हाडात एका सहकारी बँकेच्या दारात ते बंदूक घेऊन बसत, आणि त्या बँकेतल्या लोकांची विवरणपत्रं मी भरत असे, म्हणून ते माझ्याकडे आले. पुढे बँकेची नोकरी संपली, ते गावी राहायला गेले, तरी जुलै लागला की पहिल्या एसटीनं कऱ्हाडला येत. मी कुलूप काढायच्या आधी पायरीवर बसलेले असत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत रेघांची वही.

त्या वहीत वर्षभरात त्यांच्याकडे आलेली प्रत्येक गोष्ट लिहिलेली असे. समोर दोन रकाने आखलेले: एकावर ‘धरायचं’, दुसऱ्यावर ‘सोडायचं’. हे रकाने ते स्वतः कधी भरत नसत. ओळीवर बोट ठेवून ते मला विचारत, "ह्ये धरायचं का सोडायचं?" मी सांगे त्या रकान्यात बरोबरची खूण होई, आणि बोट पुढच्या ओळीवर सरके.

कोणतं उत्पन्न करपात्र आणि कोणतं करमुक्त, हे मी पंचवीस-तीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. लोक ऐकतात आणि आकडा विचारतात. मेजरांना आकड्यात रस नव्हता, त्यांना कारण हवं असे.

"ज्वारी झाली सात पोती. घरी ठेवून उरली ती इकली. धरायचं?"

"शेतीचं उत्पन्न आहे. सोडायचं."

"आन ठेवीचं व्याज?"

"ते धरायचं."

मेजरांनी दोन्ही खुणा केल्या. "म्हंजी झोपल्याल्या पैशाला धरता आन राबल्याल्याला सोडता. चांगलं हाय की. सरकारात कुनीतरी शेतकऱ्याचं पोरगं असनार."

एका वर्षी त्यांनी वहीबरोबर एक पिशवीही आणली. विट्याच्या एका दुकानात सणाची खरेदी केली म्हणून त्यांना सोडतीत कुकर लागला होता. तो त्यांनी खोक्यासकट माझ्या टेबलावर ठेवला. सोडतीत लागलेलं बक्षीस हे उत्पन्न असतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि म्हणून कुकर अजून उघडला नव्हता.

"मेजर, एवढ्याशा कुकरला कोणी विचारत नाही. न्या घरी, भात लावा."

"कुनी इचारत न्हाई, का कायद्यात न्हाई?"

"कायद्यात आहे."

"मग धरा. शिट्टी ऐकताना चोरी केल्यागत वाटाय नको."

मी कुकर धरला. त्यानं करात काहीशे रुपयांची भर पडली असेल. आमच्या शिंदे बाई, कार्यालयातल्या माझ्या एकमेव सहकारी, तोंडाला पदर लावून हसत होत्या. मेजरांनी त्यांनाही विचारलं, "बाई, तुमी कवा असं बक्षीस धरलंय का?" बाई म्हणाल्या, "मला कधी लागलंच नाही हो." यावर मेजर म्हणाले, "मग तुमी सुटला."

आणखी एक ओळ मला आठवते, आणि ती आठवली की मी हातातलं काम ठेवतो. लष्करातला त्यांचा एक मित्र होता, गढवालकडचा. त्यानं एकदा घरबांधणीसाठी मेजरांच्या खात्यात बरीच मोठी रक्कम पाठवली होती, परत न मागण्याच्या बोलीवर. मी सांगितलं की मित्रानं दिलेली एवढी रक्कम उत्पन्नात धरावी लागते. नातेवाइकानं दिली असती तर सोडता आली असती.

"नातेवाईक म्हंजी कोन कोन? वाचून दावा."

मी यादी वाचून दाखवली. नवराबायको, भाऊ, बहीण, त्यांचे नवरे-बायका, आईबापांचे भाऊबहीण, मुलं, नातवंडं. मेजर एकेक बोट मोडत ऐकत होते.

"म्हंजी माझ्या धाकट्या भावानं दिलं तर त्ये सुटतंय."

"हो."

"ज्यानं दरसाली वीतभर बांध कोरला त्यो लिस्टीत हाय, आन ज्यानं मला पाठीवर घिऊन चार कोस आनलं त्यो परका. ह्ये लिस्ट ज्यानं केली त्यो पलटनीत न्हवता, वकील."

आयकराचं काम करणाऱ्या सगळ्यांनाच ते वकील म्हणत. त्या बांधाच्या बोलण्यावर मी मनापासून हसलो, आणि नंतर ते चार जणांना सांगून त्यांनाही हसवलं. पण धडधाकट जवानाला पाठीवर घेऊन चार कोस कशाला आणावं लागलं, हे माझ्या मनातही आलं नाही. खुर्चीनंतरची ही दुसरी संधी होती. वाचकहो, तुम्ही असता तर तुम्ही विचारलं असतं, असं मला वाटतं.

मेजरांचा मुलगा कोइमतूरला. विट्याकडची पुष्कळ मुलं जातात तशी सोनं गाळण्याच्या कामाला. सुरुवातीची वर्षं वहीत मुलाच्या नावानं आकडे असत. मुलानं बापाला दिलेलं उत्पन्नात येत नाही, असं मी सांगितल्यावर मेजर म्हणाले होते, "म्हंजी सरकारच्या मतं पोरगं देतंय त्ये आल्यालंच न्हाई." मग आकडे लहान होत गेले. एका वर्षी मुलाच्या नावासमोर पैशांचा आकडा नव्हता. ‘फोन - ९’ असं लिहिलं होतं.

मी वाचलेलं त्यांनी पाहिलं. "ह्ये धरायचं न्हाई, मला ठावं हाय. ल्हिऊन ठिवलंय आपलं."

त्यांची बायको वारली त्या वर्षी ते नेहमीपेक्षा उशिरा, महिना संपत आला तेव्हा आले. वहीतल्या पहिल्याच ओळीत ‘मंडळींचा विमा’ असं लिहून पुढे रक्कम लिहिली होती. त्या ओळीवर बोट होतं, पण नेहमीचा प्रश्न आला नाही. मीच म्हणालो, "मेजर, हे सोडायचं. याच्यावर कर नाही."

"लय बरं झालं," ते म्हणाले. "कर दिला असता मी. पर हिला कमाईत धरायला नको वाटत हुतं." खूण करताना त्यांचा हात कधी नव्हे तो दुसऱ्याच रकान्यात गेला. मग त्यांनी ती खोडली, फुंकर मारली, आणि शेजारी नीट काढली.

त्या दिवसानंतर त्यांचं बसणं वाढलं. पूर्वी अर्ध्या तासात उठणारे मेजर आता दुपारच्या एसटीपर्यंत बसत. वहीतल्या ओळी वाढल्या. शाळेत झेंड्याला भाषण केलं, शाल, नारळ, पाकीट. शेरडू विकलं. कोणाच्या तरी बारशाला टोपी मिळाली. प्रत्येक ओळीमागे एक हकिगत असे, आणि मला हळूहळू उमगलं की करापेक्षा त्या हकिगतीसाठी ते येतात. वर्षभरात आपल्या वाट्याला काय आलं, हे त्यांना विचारणारा माणूस त्या माळावर कोणी उरला नव्हता. मी कागद चाळत ‘हं’ म्हणे, घड्याळ बघे. तरी सांगतो, मला ते आवडत असत. माझी पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली ती तिकडचीच झाली होती. संध्याकाळी घरी गेल्यावर माझ्याशीही फारसं कोणी बोलत नसे.

अकराव्या वर्षी पेन्शनचा हयातीचा दाखला संगणकावर करून द्या, म्हणून त्यांनी शिंदे बाईंना गळ घातली. पेन्शनचा नंबर हवा होता. मेजरांनी शर्टाच्या आतल्या खिशातून आठ घड्यांचा एक कागद काढला आणि नंबर वाचण्यासाठी माझ्याकडे दिला.

इथे एक शब्द समजावून सांगायला हवा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत लष्करातून घरी आलेला माणूस ‘पेन्शनला आला’ असं म्हणतात. पूर्ण मुदत करून आला तरी पेन्शनलाच आला, आणि जायबंदी होऊन मधेच परत पाठवला तरी पेन्शनलाच आला. दुसऱ्या प्रकाराला जवानांत ‘बोर्ड आऊट’ असा शब्द आहे, पण तो कोणी स्वतःबद्दल वापरत नाही. गावात त्याचा अर्थ ‘कामातून गेला’ असा होतो. मेजर पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, "मी पेन्शनला आलोय." मी पासबुकात पेन्शनची रक्कम पाहिली आणि पगारासारखी धरली. मुदत करून आलेल्या जवानाचं पेन्शन करपात्रच असतं. पण नोकरीत झालेल्या इजेमुळे ज्याला मुदतीआधी घरी पाठवलं, त्याचं पेन्शन करमुक्त असतं. हा नियम मला पाठ होता. दुसऱ्या दोघांना मी तो लावूनही दिला होता.

कागदावर लिहिलं होतं की स्फोटात डावा कान निकामी झाल्यानं, नोकरीतच झालेल्या या इजेपायी, यांना सेवेतून मुक्त केलं आहे.

मी मान वर केली. मेजर खिडकीपाशी, माझ्या उजव्या हाताला बसले होते. उजवा कान माझ्याकडे, निकामी कान भिंतीकडे. अकरा वर्षं ते मला कागद न दाखवता कागद दाखवत होते.

त्यांचं पेन्शन सोडलं असतं तर कुकरचं आणि मित्राच्या रकमेचं वर्ष वगळता, बँकेचा पगार आणि ठेवीचं व्याज धरूनही त्यांना कर पडला नसता. वर्षाची रक्कम मोठी नव्हती, असं मी स्वतःला तिथल्या तिथे सांगितलं. मागच्या काही वर्षांचं परत मागता आलं असतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागला असता, अर्जात कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण मी होतो. गावात माझं नाव चोख म्हणून घेतलं जाई. मेजर बोटाखालच्या ओळीवरून माझ्याकडे बघत होते.

"पेन्शन," ते म्हणाले. "ह्ये आपलं नेमीपरमानं धरायचं."

"नाही मेजर," मी म्हणालो. "नियम बदललाय. आता तुमच्यासारख्यांचं पेन्शन सोडायचं."

"आमच्यासारक्यांचं म्हंजी?"

"लष्करातल्यांचं."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला वहीकडे बघावं लागलं. "सरकारला आठवन झाली म्हना आमची." त्यांनी ‘सोडायचं’ या रकान्यात खूण केली आणि पेनाला टोपण लावलं.

माझं खोटं इथं थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ते पुढच्या जुलैला येणार, त्याच्या पुढच्या जुलैला येणार, खुर्ची उचलून उजवीकडे ठेवणार, आणि तो कान माझ्याकडे करून बसणार, हे मला दिसू लागलं. म्हणून मी म्हणालो, "आता तुमचं उत्पन्न करात बसतच नाही. विवरणपत्राची गरज नाही. एवढ्या लांब यायचं कारण नाही तुम्हाला."

"अजाबात न्हाई?"

"अजिबात नाही."

ते उठले. खुर्ची उचलून त्यांनी पुन्हा डावीकडे, तिच्या जागी ठेवली. हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. ती नेहमी शिंदे बाईच जागेवर ठेवत.

मेजर गेल्यावर बाई म्हणाल्या, "कान आणखी उतरला का हो त्यांचा? आज फार ताण देऊन ऐकत होते."

"तुम्हाला कानाचं ठाऊक होतं?"

"पहिल्याच वर्षी विचारलं मी. खुर्ची दर वेळी कोण उचलायचं, म्हणून कारण तरी कळू दे म्हटलं. डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणाले." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला सांगितलं नव्हतं त्यांनी?"

"मी विचारलं नव्हतं," मी म्हणालो, आणि कागदांत डोकं घातलं.

तीन जुलै गेले. आता लोक कार्यालयात येत नाहीत, कागदांचे फोटो फोनवर पाठवतात, आणि त्यांना कारण नको असतं, परतावा कधी येईल तेवढं हवं असतं. शिंदे बाई निवृत्त झाल्या. खुर्ची डावीकडेच राहिली. सकाळी कुलूप काढताना पायरीकडे माझी नजर जाई आणि पायरी मोकळी पाहून मला हायसं वाटे. या हायसं वाटण्याचीच मला आता सर्वांत जास्त लाज वाटते.

मागच्या पावसाळ्यात मेजरांच्या गावचा एक निवृत्त हवालदार आला. पूर्ण मुदत करून आलेला, तब्येतीनं खणखणीत. आला तोच म्हणाला, "वकील, माझं पेन्शन सोडा. नियम बदललाय न्हवं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मेजरनं. मी म्हनलं, न्हाई बदलला, माझ्या भाच्यानं मोबाईलवर बघितलंय. तर पारावर लय भांडला गडी माझ्यासंगं. माझा वकील खोटं बोलायचा न्हाई म्हनला. दोन वर्सं बोलत न्हाई माझ्याशी त्यापायी. म्हनलं, तुमालाच इचारून बगावं."

"कसे आहेत मेजर?"

"कसं असनार. पडून हायती. येतंय कोन त्यांच्याकडं. मी बी न्हाई जात, भांडान हाय म्हनून."

त्याचं पेन्शन मला धरावंच लागलं. तो पुटपुटत गेला. मी त्या आठवड्यात मेजरांच्या नावानं अर्ज तयार केला, जेवढ्या वर्षांचं अजून मागता येत होतं तेवढ्या वर्षांचा. कारणाच्या जागी ‘सल्लागाराची चूक’ असं लिहिलं. पुढे तो परतावा मंजूर झाला, पण तोवर मेजर नव्हते. अर्ज पिशवीत घालून मी विट्याच्या गाडीत बसलो, तेव्हा मनात दोन वाटा स्पष्ट होत्या. मेजर माझ्या कागदावर न वाचता सही करत. ‘इथं सही करा’ एवढंच म्हटलं तरी त्यांचे पैसे त्यांना मिळणार होते, आणि मला काहीच सांगावं लागणार नव्हतं.

घर धाकट्या भावाच्या अंगणालगतच होतं. बांध कोरणाऱ्या त्याच भावाची बायको आता मेजरांना दोन वेळची भाकरी देत होती. तिनं मला आत नेलं. "थोरलं हितं हायती. रातचं पडत्यात म्हनून खाट भितीला लावलीया," ती म्हणाली, आणि एक प्लास्टिकची खुर्ची देऊन चहा टाकायला गेली.

मेजर उताणे पडले होते. देह आवरून घेतल्यासारखा लहान झाला होता, दाढी मात्र केलेली होती. मला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"वकील. आलासा व्हय?"

"आलो, मेजर. पडून राहा."

मी खुर्चीवर बसलो आणि धीर आहे तोवर बोलून घ्यावं म्हणून लगेच म्हणालो, "मेजर, माझ्याकडून एक चूक झाली होती. तुमच्या पेन्शनच्या बाबतीत. ती मी तुमच्यापासून लपवली."

ते हसले. "व्हय, व्हय. औंदा पाऊस बरा हाय."

"माझं चुकलं, असं म्हणतोय मी."

"व्हय तर. ज्वारी बी चांगलीच व्हईल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. भिंतीकडे होता तो त्यांचा उजवा कान. मी डाव्या बाजूला बसून त्या निकामी कानात बोलत होतो. मी सांगितलेलं होतं. सांगितलं नाही असं मला कोणी म्हणू शकलं नसतं, मीसुद्धा. मेजरांनी पिशवीतून डोकावणारे कागद पाहिले होते. त्यांनी हात पुढे केला.

"सही पायजे व्हय? द्या की. कुटं करू?"

पेन माझ्या हातात होतं. मी त्याला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

मग मी उठून खाटेचा पायथा धरला आणि ती भिंतीपासून ओढली. मग उशाकडून ओढली. उशाखालून रेघांची वही खाली पडली, ती उचलताना उघडली गेली. गेल्या तिन्ही वर्षांची पानं भरलेली होती. शेरडू विकलं. झेंड्याचं भाषण, शाल आणि नारळ. पोराचे फोन - ४. पुढच्या पानावर, पोराचे फोन - २. समोर दोन रकाने आखलेले होते, ‘धरायचं’ आणि ‘सोडायचं’, आणि तीन वर्षांत त्यांतल्या एकातही खूण नव्हती.

वही मी त्यांच्या हाताशी ठेवली. खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, खाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत नेऊन ठेवली, आणि बसलो. माझे गुडघे खाटेच्या पट्टीला टेकले होते. मेजरांनी मान वळवली.

"आता कसं," ते म्हणाले. "हां, हिकडनं बोला."

मी बोललो. तो आठ घड्यांचा कागद, त्यावरची ओळ, दहा वर्षांचा कर, सगळं. एखादा हुकूम ऐकावा तसं त्यांनी पापणी न हलवता ऐकलं.

"म्हंजी नियम बदललाच न्हवता?"

"नाही."

"कवापास्नं हाय त्यो?"

"तुम्ही माझ्याकडे पहिल्यांदा आलात, त्याच्याही आधीपासून."

त्यांनी वही जवळ ओढली. "मी पारावर भांडलो त्येच्यापायी. माझा वकील खोटं बोलायचा न्हाई म्हनून."

"बोलला, मेजर."

"पैशाचं ऱ्हाऊ द्या. गेलं त्ये काय चोराला गेलं न्हाई." त्यांचा हात वहीवरून फिरला. "तुमी म्हनला, यायचं कारन न्हाई. मला वाटलं, माझं बोलनं लय व्हतंय तुमास्नी. बायको गेल्यापास्नं तोंड थांबत न्हवतं माझं, मला ठावं हुतं. तीन वर्सं त्योच इचार करतोय, कंच्या दिवशी जास्त बोललो म्हनून."

मी काहीतरी पुटपुटलो. मी मृदू बोलतो, असं लोक माझ्याबद्दल कौतुकानं म्हणतात.

"काय म्हनला?" मेजर म्हणाले. "मोठ्यानं बोला जरा. तुमचं खालच्या आवाजातलं मला निम्मं कवाच पोचलं न्हाई. व्हय व्हय म्हनायचो आपला."

भावजय चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिच्यामागे अंगणात धाकटा भाऊ हातातलं काम थांबवून आत बघत होता. मी मेजरांच्या उजव्या कानाकडे वाकलो, पण कुजबुजलो नाही. अंगणापर्यंत, आणि पुढच्या पारापर्यंतही जावं अशा आवाजात मी म्हणालो, "मेजर, नियम बदलला नव्हता. चूक माझी होती, आणि ती झाकायला मी खोटं बोललो. तुम्ही एक शब्दही जास्त बोलला नव्हता. मला तुमच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी तुम्हाला येऊ नका म्हणालो. मला माफ करा."